रेघ, रंग आणि पावसाळा : फोंड्यातल्या चित्रवर्गाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५

न दिसणाऱ्यांच्या आणि कमी दिसणाऱ्यांच्या चित्रवर्गाला खोली मिळाली. गोव्याच्या फोंड्यातल्या एका वाचनालयाच्या माडीवरची, एरवी बुद्धिबळाच्या स्पर्धांना देतात ती. टेबलं जड शिसवी आहेत, हे उत्तम. टेबल सरकलं की बोटांनी मापून ठेवलेलं सगळं सरकतं.

शिकणारे तिघे पक्के झाले. डिचोलीचे मास्तर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक; काचबिंदूने नजर कडेकडेने आत येत गेली आणि आता समोरचा एक लहानसा गोल तेवढा उरलाय. फोंड्याच्याच काकी, मधुमेहाने दृष्टिपटल गेलं, उजेड-अंधार कळतो. ‘मी आयुष्यात चित्र काढलेलं नाही’ असं म्हणतात, पण लग्न होऊन आल्यापासून रोज अंगणात रांगोळी घालत आल्यात. आणि बाय, बारावीत शिकते, जन्मापासून दिसत नाही, ब्रेल पक्की. तिघांनाही ‘अंध’ या एकाच खणात टाकलं तर वर्ग पहिल्याच दिवशी फसेल. मास्तरांना रंग आठवतात, काकींचे आकार त्यांच्या हातात आहेत, बायला यांतलं काही नाही. पण खोलीत कुठली वस्तू कुठे आहे, हे तिला माझ्यापेक्षा नेमकं सांगता येतं.

प्रकल्पाचा कागद लिहिताना ‘आत्मविश्वास’, ‘मनोबल’ असले शब्द मागितले होते. मी लिहिलं ते असं : चित्र रंगवणाऱ्याला सतत तीन गोष्टी कळाव्या लागतात. आपला हात कुठे आहे, तिथे आधी काय आहे, आणि ते वाळलंय का. डोळस माणूस तिन्ही एका नजरेत उरकतो, म्हणून त्या तीन आहेत हेच त्याच्या लक्षात येत नाही. इथे तिन्हींची वेगवेगळी सोय लावायची. सोय झाली की पुढे चित्र चांगलं की वाईट, हा नेहमीचा प्रश्न उरतो.

१५ जून

रबराची चटई, वर पातळ प्लास्टिकचा कागद, आणि शाई संपलेलं बॉलपेन. जोर देऊन रेघ ओढली की प्लास्टिक सुरकुततं आणि रेघ वर येते, ओढली त्याच बाजूला. बायला याचंच अप्रूप वाटलं. ब्रेलची पाटी आणि स्टायलस (टोचणी) वापरताना ठिपका कागदाच्या मागच्या बाजूला उठतो, म्हणून उजवीकडून डावीकडे उलटं लिहायचं आणि मग कागद पालटून वाचायचं. इथे डाव्या हाताचं बोट उजव्या हाताच्या मागोमाग चालतं. काढता काढता वाचता येतं.

काकी मात्र चटईवर रमल्या नाहीत. हात हवेतच फिरत राहिला. शेवटी म्हणाल्या, “अरे, ठिपके घालून दे की मला. ठिपक्यांशिवाय कोण रांगोळी घालतं?”

मग सगळा बेतच बदलला. मऊ फळीवर कागद ताणून बसवला, चारी कडांना सारख्या अंतरावर टाचण्या मारल्या आणि मध्ये सात-सातच्या ओळींत गोल डोक्याच्या टाचण्या. काकींनी दोन्ही हातांनी फळी एकदा चाचपली आणि ‘डावीकडून तिसरा, वरून दुसरा’ असं स्वतःशी पुटपुटत कासव काढलं. शाळेतला आलेख वेगळं काय करतो? इंग्लंडचे चित्रकार सार्गी मान २००५ मध्ये पूर्ण अंध झाल्यावरही रंगवत राहिले. ते कॅनव्हासवर ब्लू-टॅकचे (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याचे) गोळे चिकटवून जागा धरून ठेवत. आमच्या टाचण्या त्याच कुळातल्या, फक्त अंगणातून आलेल्या.

मास्तरांना टाचण्या नकोत. ते जाड काळं मार्कर घेऊन, कागदाला नाक लावून काढतात. उरलेल्या गोलात एका वेळी दोन बोटांएवढं चित्र मावतं म्हणे.

२२ जून

प्लास्टिकवरची रेघ सरावाला ठीक, रंग तिथे बसत नाही. कॅनव्हासवर उठावाची रेघ हवी. कापडावर काढायचा थ्री-डी आउटलायनर बाजारात मिळतो. अमेरिकेतले जॉन ब्रॅमब्लिट असल्याच फुगणाऱ्या रंगाने आधी बाह्यरेषा काढून घेतात. टेक्ससचा हा माणूस अपस्मारामुळे २००१ मध्ये पूर्ण अंध झाला आणि त्यानंतर चित्रकार झाला. पण आउटलायनरची ट्यूब लहान आणि महाग, मोठ्या चित्राला परवडत नाही.

काकींच्या सुनेने मेंदीचे रिकामे कोन वळून दिले. आत खडूची पूड आणि पांढरा गोंद घट्ट कालवून भरला. कोन हाताला ओळखीचा, दाब सारखा पडतो, रेघ छान येते.

२९ जून

रेघ छान येते, पण राहत नाही. आठवडाभर धो धो पाऊस, खोलीच्या भिंतींना ओल, आणि गोंदाची रेघ बोटाखाली चिकट झाली. हा गोंद पाण्यात विरघळणारा. वाळला तरी दमट हवेतलं पाणी पुन्हा ओढून घेतो. घाटावर हेच मिश्रण टिकलं असतं. गोव्यात जून ते सप्टेंबर ते वापरू नये, असं पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतोय. गोंदाऐवजी ॲक्रिलिक जेल घातलं. ते एकदा वाळलं की पाण्याला दाद देत नाही. खर्च वाढला, रेघ टिकली.

६ जुलै

आजपासून रंग.

बाटल्या ओळखायच्या कशा? बायने ब्रेलच्या पट्ट्या चिकटवल्या. काकींना ब्रेल येत नाही आणि या वयात शिकायची इच्छाही नाही. त्यांच्या बाटल्यांना रबरबँड. एक म्हणजे पांढरा, दोन पिवळा, तीन तांबडा, चार निळा. काळ्याला एकही नाही. मास्तरांनी खूण नाकारली. “क्रम बदलू नका, बास.” त्यांच्या पाटावर रंग कायम त्याच ओळीत असतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ मध्ये मोतीबिंदूचं निदान झालं, १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात तेही ट्यूबवरची नावं आणि पाटावरचा ठरलेला क्रम यांच्याच भरवशावर रंग घेत. मास्तर हे वर्गात शिकवत असत, म्हणाले. तेव्हा तो किस्सा वाटायचा.

बाटलीतला रंग ओळखणं सोपं. चित्रावर गेलेला रंग ओळखणं अवघड, आणि ब्रॅमब्लिटची खरी करामत तिथे आहे. तो तैलरंगात वेगवेगळी माध्यमं मिसळून प्रत्येक रंगाला वेगळा पोत देतो : पांढरा घट्ट, काळा पातळ आणि निसरडा, बाकीचे मधे कुठेतरी. दोन रंग मिसळले की मिश्रणाचा घट्टपणाही मधला होतो, म्हणजे पाटावर किती पांढरा पडला हे बोटांना कळतं.

तैलरंग आम्ही घेतले नाहीत. जवसाचं तेल हवेतल्या प्राणवायूने सुकतं, त्याला दिवस लागतात, आणि आमच्याकडे खोली फक्त रविवारची. ॲक्रिलिकमध्ये भर घातली : निळ्यात चाळलेली वाळू, पिवळ्यात संगमरवराची बारीक पूड, तांबड्यात लाकडाचा भुसा, पांढऱ्यात नुसतं घट्ट जेल, काळा आहे तसाच. भुसा पाणी पितो आणि तांबडा लवकर सुकतो, हे अनुभवाने कळलं. त्यात आधी थोडं जेल मुरवून घ्यायचं. बोटांनी रंगवायचं म्हणून एक नियम सर्वांना सारखा : नावात कॅडमियम, कोबाल्ट किंवा शिसं असलेला रंग वर्गात आणायचा नाही.

१३ जुलै

पावसाने कुणी आलं नाही. पट्ट्या चिकटवल्या, वाळू चाळली.

२० जुलै

आज काव.

हे माझ्या डोक्यात सुरुवातीपासून होतं. कोकण-गोव्याच्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर जी तांबडी-पांढरी कावी कला दिसते (मोरजीच्या मोरजाईच्या देवळात आहे), ती कुंचल्याने काढलेली नसते. शिंपल्यांचा चुना, वाळू आणि गूळ कुटून केलेला पांढरा गिलावा खाली, त्यावर काव म्हणजे तांबडी माती मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर. वरचा थर ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडायचा, की खालचा पांढरा उघडा पडतो. म्हणजे रेघ आणि रंग एकाच कृतीत. रंग रेघेबाहेर जाण्याचा प्रश्नच मिटला. अंध चित्रकारासाठी मुद्दाम शोधून काढावी अशी पद्धत आपल्या भिंतींवर शतकांपासून बसलीय आणि आपण तिच्यापुढे फोटो काढतो!

सिमेंटच्या पत्र्याच्या तुकड्यांवर दोन थर दिले. ओला चुना कातडी जाळतो, म्हणून हातमोजे आले, आणि हातमोज्यांबरोबर अर्धा स्पर्श गेला. तरीही काम झालं, कारण इथे बोटापेक्षा हत्याराचं टोकच जास्त सांगतं. तांबड्या थरातून जाताना ते गुळगुळीत चालतं, पांढऱ्यावर पोचलं की करकरतं. बाय म्हणाली, “आवाजच येतो रे दादा. पोचले की कळतं.”

अडचण दुसरी निघाली. खोदलेली रेघ बोटाच्या पेरापेक्षा अरुंद असेल तर बोट तिच्यावरून नुसतं घसरून जातं. उठावाची बारीक रेघ बोटाला लागते, खोदलेली बारीक रेघ लागत नाही. म्हणून बारीक नक्षी सोडून दिली आणि मोठे पट्टे खरवडले. मग पट्ट्याची कड लागते. फुलाच्या पाकळ्या पांढऱ्या, भोवती तांबडी जमीन. काकींनी कंपास मागितला. जुने कारागीरही वर्तुळं कंपासनेच आखत.

चुना पुरता आवळायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि त्याला वेळ लागतो. फळ्या कपाटावर ठेवल्या आहेत. महिनाभर कुणी हात लावायचा नाही.

३ ऑगस्ट

आजचा दिवस बायचा.

तिला बसचं चित्र काढायचंय. कॉलेजला जाताना रोज कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसमध्ये बसते ती आतून : दोन्हीकडे बाकांच्या रांगा, वर धरायचा दांडा, पुढे ड्रायव्हर. पहिल्या कच्च्या चित्रात तिने सगळे बाक एकाच मापाचे काढले. त्यात चुकीचं काहीच नाही. वरून पाहिलेला नकाशा म्हणून ते अगदी बरोबर आहे. पण तिला ते ‘आत बसल्यासारखं’ हवंय. तिने कुठेतरी ऐकलंय की डोळस लोकांच्या चित्रात लांबच्या वस्तू लहान काढतात. “का? त्या लहान होतात का?”

शब्दांनी सांगायच्या फंदात पडलो नाही. दाराच्या उंबऱ्याला एक सुतळी बांधली, चौकटीच्या वरच्या पट्टीला दुसरी. दोन्हींची टोकं तिने एका हातात धरून गालापाशी टेकवली. दुसरा हात कोपरभर पुढे करून दोन सुतळ्यांमधलं अंतर मापायचं. दारापासून चार पावलांवर वीतभर अंतर भरलं. मग सुतळी सोडत सोडत ती व्हरांड्याच्या टोकापर्यंत मागे गेली. तिथे तीन बोटं. पुन्हा पुढे आली, पुन्हा मागे गेली. मग म्हणाली, “दार तेवढंच आहे. माझ्याकडे येणारी फट बारीक होते.”

यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) मी कला महाविद्यालयात शिकलो तेव्हा कुणी ते इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं.

हे नवं नाही. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन केनेडी यांनी अंध माणसांच्या रेखाटनांचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं, की दिशा ही काही डोळ्यांची मक्तेदारी नाही. हात लांब करून एखाद्या वस्तूच्या दोन कडा दाखवा, वस्तू लांब जाईल तसे हात जवळ येतात. त्यांनी अभ्यासलेल्यांत तुर्कस्तानचे एश्रेफ आर्मान सर्वांत गाजले. जन्म १९५३, इस्तंबूल, जन्मतः दृष्टी नाही. ब्रेलच्या स्टायलसने कागदात रेघ कोरतात, डाव्या हाताच्या बोटांनी ती वाचत राहतात आणि उजव्या हाताच्या बोटांनी रंग लावतात. एक रंग वाळला की मगच दुसरा. फ्लॉरेन्सला नेऊन त्यांना अष्टकोनी बाप्तिस्त्रीचं (बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीचं) चित्र काढायला दिलं होतं. त्याच इमारतीसमोर पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुकार ब्रुनेलेस्कीने यथार्थदर्शन सिद्ध करून दाखवलं होतं. आर्मान यांच्या चित्रात मागे जाणाऱ्या कडा एकमेकींकडे वळल्या. बॉस्टनमध्ये अल्वारो पास्कुआल-लिओन यांच्या चमूने ते रेखाटन करत असताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं, तेव्हा डोळस माणसाचा जो भाग पाहण्यासाठी वापरला जातो, तोही कामाला लागलेला दिसला.

वर्तमानपत्रं याला चमत्कार म्हणतात. बायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मग त्यांना सुतळी कुणी दिली?” बरोबरच आहे. कुणीतरी, कधीतरी, वस्तू हातात दिल्याशिवाय आणि चित्र म्हणजे काय हे सांगितल्याशिवाय हे येत नाही. आपल्याकडच्या शाळांत चित्रकलेच्या तासाला अंध मुलांना गाण्याच्या वर्गात पाठवतात, मग चमत्कार तरी कसा होणार?

दुसऱ्या कच्च्या चित्रात ड्रायव्हरकडचे बाक अंगठ्याएवढे झाले. शिवाय तिने वरच्या दांड्याला आपणहून लाटेसारखी वळणं दिली. का, तर बस हलते. फिरतं चाक दाखवायला आऱ्या वाकड्या काढणारी अंध माणसं केनेडींनाही भेटली होती. बायला ते मी सांगितलेलं नव्हतं.

१७ ऑगस्ट

मास्तरांचं आणि माझं हिरव्यावरून वाजलं.

त्यांना खाजन शेतातला (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल शेतातला), पाऊस पडून गेल्यावरचा हिरवा हवाय. मोबाइलमधलं सीईंग एआय हे ॲप रंगाचं नाव सांगतं, म्हणून मी ते लावून दिलं. ट्यूबलाइटखाली एक नाव, खिडकीपाशी दुसरं. मास्तरांनी फोन परत दिला. “हा मला ‘हिरवा’ सांगतो. हिरवा मला माहीत आहे. कुठला, ते सांग म्हणावं.” त्यांची पद्धत बाटलीच्या झाकणांची : पिवळा आठ झाकणं, निळा एक, तांबड्याचं एक बोट. निळा जोरकस, एका झाकणाने सगळं पालटतो. ही मापं ते वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतात. मला तो हिरवा थोडा मळका वाटला आणि तसं बोललो. “खाजनात चिखल नसतो का?” इथे विषय संपला.

चेन्नईचे मनोहर देवदास यांची आठवण निघाली. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसा हा दृष्टिपटलाचा आजार, नजर अशीच कडेकडेने आकसत गेलेली, आणि तरी मदुराईची इतकी बारीक शाईची रेखाटनं. २०२० मध्ये पद्मश्री, २०२२ मध्ये गेले. मास्तरांच्या मते उरलेल्या नजरेने काढणं हे न दिसता काढण्यापेक्षा थकवणारं. मान दुखते, उजेड टोचतो, आणि अर्ध्या तासात डोळा नको म्हणतो. म्हणून ते हल्ली बाह्यरेषा नजरेने आणि रंग बोटांनी करतात.

काकींनी विषय ठरवला : माटोळी. चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती चौकट, तिला बांधलेलं रानातलं-बागेतलं सगळं. नारळ, सुपारीचे घोस, तवशी (काकडी), निरफणस (ब्रेडफ्रूट), मावळिंग, कांगला, घागरी, आंब्याचे टाळे. घरी बांधायचं काम त्यांच्याकडेच असतं, कुठलं फळ कुठल्या गाठीला हे बोटांना पाठ. चित्रासाठी याहून सोयीचा विषय सापडणार नाही. चौकट आखून तयार, वस्तू टांगलेल्या, प्रत्येकीचा पोत वेगळा आणि वासही.

टाचण्यांची जाळी फळीवर. पण काकी या वेळी वरून खाली काढतात. आधी लाकडी पट्ट्या, मग दोऱ्या, मग फळं.

७ सप्टेंबर

चतुर्थीमुळे मधे सुटी. काकी परत आल्या त्या आपल्या माटोळीची मोजमापं घेऊन, सुनेकडून फोनवर रेकॉर्ड केलेली.

तवशाला त्यांनी पांढऱ्या जेलचे कोनाने टिपके घातले, कांगल्याला वाळूचा खरबरीत हात, नारळ भुशाचा. रंग काय द्यायचे हे मला विचारलं; मी सांगितलं, त्यातलं निम्मं त्यांनी ऐकलं. निरफणस निळा आहे. “असू दे. पिवळ्याशेजारी पिवळा हाताला कळत नाही.” चित्रात तो निळा छान बसलाय, हे कबूल करायला हवं.

यावरून डोळस माणसाने मदत किती करायची हा वाद निघाला. प्रकल्पाच्या समितीतल्या एकांना वाटतं, रेघ दुसऱ्याने काढून दिली तर चित्र ‘त्यांचं’ राहत नाही. मला हा सोवळेपणा पटत नाही. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींना एका डोळ्याने जन्मापासून दिसत नव्हतं, दुसऱ्याने फार कमी. पन्नाशीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तेही गेलं. त्यानंतर त्यांनी कागद कापून आकार रचले आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात टाइल्सचं मोठं भित्तिचित्र केलं. टाइल बसवणारे हात इतरांचे होते. ते भित्तिचित्र कुणाचं, असं कुणी विचारत नाही; मोठ्या भित्तिचित्रांत डोळस चित्रकारही सहाय्यक घेतात. आमच्याकडे ठरलं ते इतकंच : विचारल्याशिवाय कुणाचा हात धरायचा नाही, आणि ‘छान आहे’ म्हणण्याऐवजी काय दिसतंय ते सांगायचं. ‘नारळाची डावी कड दोरीच्या बाहेर गेलीय’ हे वाक्य कामाचं. ‘वा काकी!’ हे नाही.

कावीच्या फळ्या कपाटावरून उतरवल्या. घट्ट झाल्यात. एकीला कोपऱ्यात तडा आहे, चालेल.

२१ सप्टेंबर

मांडणी ठरवायला बसलो. जागा हीच, वाचनालयाची माडी.

पहिला प्रश्न पाटीचा. चित्राखाली ‘दृष्टिहीन चित्रकार’ लिहायचं का? मास्तर ठाम : नाव, गाव, माध्यम, किंमत. एवढंच. बायला मात्र लिहिलेलं हवंय; दुसऱ्या कुणा मुलीच्या आईने ते वाचावं, म्हणून. काकींना काहीही चालेल, किंमत मात्र मास्तरांपेक्षा कमी नको. ज्याने त्याने आपली पाटी सांगावी असं ठरवलं. फोटो काढायला येणाऱ्यांना आधीच कळवलंय की चेहरे नकोत, हात नकोत, चित्रांचे काढा.

दुसरा प्रश्न स्पर्शाचा. इथे ‘हात लावू नये’ लिहिलं तर हसं होईल. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून ‘अनुभव’ नावाचं दालन आहे, तिथे मूळ वस्तूंच्या प्रतिकृती हाताळता येतात. आमच्याकडे प्रतिकृती कुठल्या, मूळ चित्रंच हाताळायची. ॲक्रिलिकच्या चित्रांवर वॉर्निशचे दोन हात. चकाकी नसलेलं, कारण चकाकी मास्तरांच्या डोळ्याला लागते. कावीच्या फळ्यांवर काही नाही. चुना आहे, हातांनी थोडा गुळगुळीत होईल.

नजर चित्रावर एकदम पडते, हात मात्र कुठून तरी सुरू व्हावा लागतो. म्हणून प्रत्येक चित्रापाशी फोनवर ऐकायची एक छोटी ध्वनिफीत, सुरुवात कुठून करायची हे सांगणारी. बायची तिने स्वतःच केली : “खालच्या कडेला मधोमध हात ठेवा. तुम्ही मागच्या बाकावर बसलाय. आता दोन्ही हातांनी पुढे चला.” काकींची माटोळी वरून खाली. मास्तर ध्वनिफीत द्यायला तयार नाहीत, त्यांचं चित्र लांबून बघायचं आहे. तसं लिहून ठेवू.

निघताना काकींनी विचारलं, “लोक हात लावणार, म्हणजे चहा-भजी खाऊन तसेच येणार ना?” जिन्याच्या तोंडाशी बादली, तांब्या आणि दोन टॉवेल ठेवायचं यादीत घातलं.